आत राहण्याची किंमत

नाझी राजवटीची नोकरी केली, पण मनातून त्या राजवटीच्या विरोधात होता, अशा जर्मन अधिकाऱ्याबद्दल आपण दोनपैकी एक निकाल चटकन देऊन मोकळे होतो. एका निकालाप्रमाणे, ज्याचा पगार खाल्ला त्याच्या पापातला वाटाही त्याने उचलला पाहिजे. मनातला विरोध मनातच राहिला, त्याला कोण विचारतो? दुसऱ्या निकालाप्रमाणे, हुकूमशाहीत बाहेरून काहीच करता येत नाही, तेव्हा आत राहून धोका पत्करणाराच खरा वीर. दोन्ही निकाल ऐकायला ठाम वाटतात. दोन्हींमध्ये एकच उणीव आहे : माणूस आत राहिला की बाहेर पडला, एवढ्यावरच ते थांबतात. आत राहून त्याने काय केले, याचा हिशेब कोणी मांडत नाही.

माझे म्हणणे असे आहे की, दुष्ट राजवटीच्या आत राहणे म्हणजे कर्ज काढणे आहे. पद, पासपोर्ट, गुप्त माहिती, पोलिसांपासून आडोसा हे सारे त्या कर्जातून मिळते. व्याज म्हणून राजवट रोजचे काम वसूल करते, आणि ती वसुली कधीच चुकत नाही. मुद्दल फेडायचे की बुडवायचे, एवढेच त्या माणसाच्या हातात उरते. म्हणून अशा माणसाला तीन प्रश्न विचारावेत. पदाने दिलेले त्याने कशावर खर्च केले? व्याजापोटी त्याच्या हातून कोणते काम झाले, आणि ते कोणाच्या जिवावर? फेडीची वेळ आली तेव्हा किंमत कोणाच्या अंगावर पडली?

या कसोट्यांवर मी एका माणसाला घासून पाहणार आहे. त्याचे नाव आडाम फॉन ट्रॉट त्सू झोल्त्स. हेसे प्रांतातल्या जुन्या सरदार घराण्यातला हा माणूस युद्धकाळात जर्मन परराष्ट्र खात्यात अधिकारी होता. भारतीय वाचकाला तो अगदीच परका नाही. सुभाषचंद्र बोस बर्लिनमध्ये होते तेव्हा त्या खात्याचा भारतविषयक कक्ष हाच माणूस चालवत होता.

१. घराण्याने काही सिद्ध होत नाही

आधी एक सोयीचा गैरसमज बाजूला करू. २० जुलै १९४४ च्या हिटलरविरोधी कटात सरदार घराण्यांतली नावे इतकी आहेत की, जुन्या घराण्याची अब्रू आणि शील यांतूनच तो विरोध उगवला, असे सांगण्याचा मोह होतो. तो टाळावा. काउंट लुट्झ श्वेरिन फॉन क्रोझिग १९३२ पासून १९४५ पर्यंत अर्थमंत्री होता. त्याने राजवटीचा खजिना शेवटपर्यंत सांभाळला. बॅरन कॉन्स्टान्टिन फॉन नॉयराट परराष्ट्रमंत्री होता आणि पुढे व्याप्त चेक प्रदेशावर, म्हणजे बोहेमिया-मोराव्हियावर, हिटलरचा प्रतिनिधी म्हणून बसला. फ्रान्झ फॉन पापेनने तर हिटलरला चॅन्सेलरपदाचे दार उघडून दिले. उलट बाजूला काउंट हेल्मूट जेम्स फॉन मोल्टके आहे. लष्करी गुप्तवार्ता विभागात आंतरराष्ट्रीय कायद्याचा सल्लागार असलेल्या या माणसाला जानेवारी १९४५ मध्ये फाशी झाली. काउंट फ्रिट्झ-डीटलोफ फॉन डेर शूलेनबर्गने तर दोन्ही टोके गाठली : १९३२ साली तो नाझी पक्षात गेला, पुढे बर्लिनचा उपपोलीसप्रमुख झाला आणि ऑगस्ट १९४४ मध्ये त्याच राजवटीच्या फासावर चढला.

एकाच वर्गातून सर्व प्रकारची माणसे निघत असतील, तर वर्ग हे कारण ठरू शकत नाही. घराण्याने एवढेच दिले : ओळखी, भाषा, परदेशी मित्र आणि दरबारी रीत. हे भांडवल होय. भांडवलाने पुण्यही करता येते आणि पापही.

ट्रॉटकडे हे भांडवल भरपूर होते. जन्म १९०९ चा, पॉट्सडॅमचा. वडील प्रशियाचे शिक्षण व धर्मविषयक मंत्री. आईच्या बाजूने अमेरिकेचे पहिले सरन्यायाधीश जॉन जे यांच्यापर्यंत वंशवेल जाते. हेगेलचे राज्यविषयक तत्त्वज्ञान आणि आंतरराष्ट्रीय कायदा या विषयावर त्याने गटिंगेनला डॉक्टरेट मिळवली आणि १९३१ ते १९३३ या काळात ऱ्होड्स शिष्यवृत्तीवर तो ऑक्सफर्डच्या बेलियल कॉलेजात शिकला. हिटलर सत्तेवर आला तेव्हा तो ऑक्सफर्डमध्येच होता.

२. परत येणारा माणूस

त्याला बाहेर राहता आले असते. एकदा नव्हे, तीनदा. १९३३ साली तो इंग्लंडातून परतला. १९३७-३८ मध्ये अमेरिका आणि चीन फिरून, वडिलांच्या निधनानंतर पुन्हा परतला. युद्ध सुरू झाल्यावर १९३९ च्या अखेरीस तो एका परिषदेसाठी अमेरिकेत होता. तेथे राहणे सहज शक्य होते, पण तो जपान आणि सायबेरियामार्गे १९४० च्या आरंभी बर्लिनला आला.

चाहते येथे थांबून टाळ्या वाजवतात. मला येथे थांबणे पुरेसे वाटत नाही, कारण परतण्याच्या या हट्टाने त्याच्याकडून एक मोठी चूकही करवून घेतली. फेब्रुवारी १९३४ मध्ये त्याने 'मँचेस्टर गार्डियन'ला पत्र लिहिले. हेसेमधील न्यायालयांत ज्यूंना पक्षपाती वागणूक मिळत असल्याचे आपल्याला दिसले नाही, असा त्याचा आशय होता. तो तेव्हा तेथील न्यायालयांत उमेदवारी करत होता. देशाची बदनामी होऊ नये म्हणून लिहिलेल्या त्या पत्राने बाहेरच्या ज्यू मित्रांच्या जखमेवर मीठ चोळले. आयझाया बर्लिन यांच्यासारख्या मित्राचा विश्वास त्यानंतर पूर्वीसारखा राहिला नाही. ऑक्सफर्डमध्ये आणि पुढे वॉशिंग्टनमध्ये त्याच्याबद्दल जो संशय पसरला, त्याचे एक मूळ या पत्रात आहे.

पत्र लिहिले तेव्हा त्याच्याकडे ना पद होते, ना कोणाचा दबाव. म्हणून ते कर्जाच्या हिशेबात बसवून माफ करता येत नाही. ती सरळ चूक होती, आणि तिचा भार ज्यांच्यावर पडला ते आधीच पिचलेले होते. ट्रॉटचे चरित्र लिहिताना हे पान गाळणारा माणूस त्याचा उद्धार करत नाही. त्याची मूर्ती बनवतो.

त्याच वेळी हेही नोंदवले पाहिजे की, पक्षाच्या संघटनांपासून दूर राहिल्यामुळे त्या वर्षांत त्याची वकिली पेशातली वाट अडली. जून १९३९ मध्ये तो लंडनला गेला, परराष्ट्रमंत्री हॅलिफॅक्स आणि पंतप्रधान चेंबरलेन यांना भेटला. बोहेमिया-मोराव्हियाला स्वातंत्र्य परत मिळावे आणि त्याबदल्यात डान्झिगच्या प्रश्नावर जर्मनीला सवलत मिळावी, अशी त्याची मांडणी होती. परत आल्यावर अहवाल द्यायचा होता हिटलरच्या माणसांना, म्हणून तो त्यांच्या कानाला रुचेल अशा भाषेत लिहावा लागला. ऐकणारा बदलला की वाक्य बदलायचे, ही त्याची युद्धकाळातली नेहमीची रीत येथे घडली. परिणामी दोन्ही बाजूंना तो थोडा खोटा वाटत राहिला.

३. भारत कक्ष : आडोसा फुकट मिळत नाही

१९४० साली ट्रॉट परराष्ट्र खात्याच्या माहिती विभागात रुजू झाला. त्याच वर्षी त्याने नाझी पक्षाचे सदस्यत्व घेतले. एप्रिल १९४१ मध्ये सुभाषबाबू काबूल-मॉस्कोमार्गे बर्लिनला पोचले, आणि भारताचे काम पाहण्यासाठी खात्यात एक विशेष कक्ष उभा राहिला. वर देखरेख विल्हेल्म केपलर या नाझी अधिकाऱ्याची, प्रत्यक्ष कारभार ट्रॉटचा. नोव्हेंबर १९४१ मध्ये आझाद हिंद केंद्राचे उद्घाटन झाले. 'जय हिंद' हे अभिवादन आणि 'जन गण मन' हे राष्ट्रगीत म्हणून तेथे स्वीकारले गेले. जर्मनांकडून मिळणारा पैसा कर्ज म्हणूनच घ्यायचा, हा सुभाषबाबूंचा आग्रह होता. केंद्राच्या भारतीय कार्यकर्त्यांत एन. जी. गणपुले हे मराठी नावही आहे. सुभाषबाबूंच्या जर्मनीतील वास्तव्यावर त्यांनी पुढे पुस्तक लिहिले.

आपल्याकडच्या वर्णनांत ट्रॉट नेताजींना मदत करणारा सुसंस्कृत जर्मन म्हणून येतो. इंग्रजी वर्णनांत तो कटवाला म्हणून येतो, आणि भारत कक्ष हा निव्वळ मुखवटा ठरतो. दोन्ही वर्णने अर्धी आहेत, कारण मुखवटा टिकायचा तर त्यामागचे काम खरोखर करावे लागते. कक्षाने जर्मन प्रचाराला हातभार लावला. उत्तर आफ्रिकेत पकडलेल्या भारतीय युद्धकैद्यांतून उभ्या राहिलेल्या, पुढे सुमारे तीन हजारांवर गेलेल्या भारतीय पलटणीचे राजकारण या कामाशी बांधलेले होते. ती पलटण पुढे नेदरलँड्स आणि फ्रान्सच्या किनाऱ्यावर पहाऱ्याला गेली आणि ऑगस्ट १९४४ मध्ये वाफेन-एस.एस.च्या ताब्यात दिली गेली. व्याज असे वसूल होते, आणि ते फक्त कर्जदाराकडूनच होते असे नाही.

आडोशाचा ट्रॉटने काय उपयोग केला, हे आता पाहू. स्वित्झर्लंड, स्वीडन, तुर्कस्तान येथे जायला सरकारी परवाने मिळत. त्या परवान्यांवर तो कटवाल्यांचे निरोप बाहेर नेत असे. मोल्टकेच्या क्राइझाऊ येथील घरी हिटलरनंतरच्या जर्मनीचा आराखडा आखणाऱ्या मंडळात तो परराष्ट्रविषयक बाजू सांभाळत होता.

१९४२ चा वसंत या साऱ्या गुंत्याचा अर्क आहे. मार्चमध्ये ब्रिटिश मंत्री स्टॅफर्ड क्रिप्स भारताला युद्धानंतरच्या स्वायत्ततेची योजना घेऊन दिल्लीत उतरला. बर्लिनच्या रेडिओवरून सुभाषबाबूंनी त्या योजनेवर तोफ डागली. त्यांच्या बर्लिनमधील कामाची व्यवस्था पाहणारा कक्ष ट्रॉटचा. हाच क्रिप्स ट्रॉटचा परिचित होता. क्रिप्सचा मुलगा जॉन हा त्याचा ऑक्सफर्डचा मित्र. दिल्लीतली बोलणी एप्रिलमध्ये फिसकटली. त्याच एप्रिलमध्ये ट्रॉटने जिनिव्हात डच धर्मशास्त्रज्ञ विलेम फिसर्ट होफ्ट यांच्या हाती एक निवेदन दिले. जर्मनीत हिटलरविरोधी गट आहे, त्याला विश्वासात घ्या, असा त्याचा मथितार्थ होता. ते लंडनमध्ये पोचवायचे होते क्रिप्सकडेच. क्रिप्सने ते चर्चिलपर्यंत नेले. हाती काही लागले नाही.

येथे सुभाषबाबू आणि ट्रॉट यांच्यातला फरक नीट कळतो. सुभाषबाबूंना ब्रिटनचा पराभव हवा होता, त्यासाठी त्यांनी हिटलरच्या घरात पाऊल टाकले, आणि ते काय करत आहेत हे साऱ्या जगाला माहीत होते. ट्रॉटला ब्रिटनचा विश्वास हवा होता, आणि त्यासाठीचे आवरण होते ब्रिटनच्या शत्रूला मदत करणे. त्याचे काम जितके चोख, तितका लंडनचा संशय पक्का. आत राहण्याचा हा सर्वांत कडू भाग आहे : आडोसा ज्याला फसवण्यासाठी उभारतो त्याच्याइतकाच तो ज्याला पटवायचे त्यालाही फसवतो.

४. एकाच खात्यातली दोन टेबले

ट्रॉटची मोजदाद करायची तर शेजारचे टेबल पाहावे लागते. बॅरन एर्न्स्ट फॉन वाइत्सेकर १९३८ ते १९४३ या काळात याच खात्याचा राज्यसचिव होता, म्हणजे मंत्र्यानंतरचा पहिला अधिकारी. तोही जुन्या संस्कारांचा, नाझींना तुच्छ लेखणारा. १९३८ साली युद्ध टाळण्यासाठी त्याच्या माणसांनी लंडनला इशारे पोचवले होते, हे खरे आहे. त्याचीही पुढची कैफियत हीच : अधिक वाईट टळावे म्हणून मी खुर्चीत राहिलो.

आता दुसरी कसोटी लावू. जानेवारी १९४२ च्या वान्झे बैठकीला याच खात्याचा प्रतिनिधी मार्टिन लुथर हजर होता; ज्यूंच्या संहाराच्या कारभारात परराष्ट्र खाते अशा रीतीने सामील होते. मार्च १९४२ मध्ये फ्रान्समधून सहा हजार ज्यूंना आउशवित्झला पाठवण्याबाबत खात्याचे मत मागवले गेले. हरकत नसल्याचे उत्तर गेले, आणि त्या मसुद्याखाली वाइत्सेकरची आद्याक्षरे आहेत. न्यूरेंबर्गच्या शेवटच्या मोठ्या खटल्यात १९४९ साली त्याला सात वर्षांची शिक्षा झाली, ती पाचवर आली, आणि १९५० साली तो सुटला.

दोघांचा वर्ग तोच, खाते तेच, सबब तीच. तरी हिशेब वेगळा आहे. वाइत्सेकरच्या मनात विरोध नव्हता असे मी म्हणत नाही. पण पदाने दिलेली ताकद त्याने मुख्यतः पद टिकवण्यावर खर्च केली, व्याज इतरांच्या प्राणांनी भरले आणि मुद्दल फेडण्याची वेळ आली तेव्हा तो व्हॅटिकनमध्ये राजदूत होता. ट्रॉटने मिळालेली प्रत्येक सवलत राजवट उलथण्याच्या कामी लावली. व्याज त्यानेही भरले, काही अंशी भारतीय सैनिकांच्या खात्यातून. मुद्दल मात्र त्याने स्वतःच्या मानेने फेडले.

५. चार आक्षेप

पहिला आक्षेप : पक्षाचे सदस्यत्व घेणे टाळता आले नसते का? आले असते. त्याचा खात्यातला सहकारी आणि कटातला साथी हान्स-बेर्न्ड फॉन हेफ्टन पक्षात गेला नाही, आणि तरीही अधिकारी राहिला. म्हणजे 'दुसरा मार्गच नव्हता' हा बचाव टिकत नाही. ट्रॉटने सदस्यत्व हे हत्यार म्हणून निवडले. निवडीची जबाबदारी निवडणाऱ्यावर असते, आणि ती त्याच्या खात्यावर राहतेच.

दुसरा आक्षेप : हरायची वेळ आली तेव्हा हे सारे बंडखोर झाले. काही सेनाधिकाऱ्यांबाबत हा आरोप रास्त आहे. ट्रॉटला तो लागू होत नाही. जर्मनीच्या पराभवाची चिन्हेही नव्हती, तेव्हाच १९४० साली तो परतला आणि विरोधकांशी जोडलेला राहिला.

तिसरा आक्षेप अधिक वजनदार आहे : तो राष्ट्रवादी होता, हिटलर जावा पण जर्मनीचे स्थान टिकावे, हीच त्याची मागणी होती. खरे आहे. जानेवारी १९४३ मध्ये कासाब्लांकाला बिनशर्त शरणागतीची घोषणा झाल्यावरही तो तडजोडीची भाषा बोलत राहिला. चिरडल्या गेलेल्या पोलंडच्या किंवा रशियाच्या नजरेने पाहिले, तर त्या भाषेत पुरेसा पश्चात्ताप नव्हता, असे कोणी म्हटले तर मी वाद घालणार नाही. पण राष्ट्रवाद आणि राजवटीचा विरोध एकाच माणसात राहू शकतात, हे भारतीय वाचकाला शिकवावे लागू नये. आपल्या देशाची लाज वाटणे हाही देशावरच्या मायेचाच प्रकार आहे. १९५२ साली ब्राउनश्वाइगच्या न्यायालयात सरकारी वकील फ्रिट्झ बाउअर यांनी, कटवाल्यांना देशद्रोही म्हणणाऱ्या ओटो एर्न्स्ट रेमरविरुद्ध खटला लढवला आणि रेमरला शिक्षा झाली. अन्यायी राजवटीविरुद्धचे बंड हा देशद्रोह नव्हे, हे तत्त्व जर्मनीला युद्धानंतर सात वर्षांनी न्यायालयाकडून वदवून घ्यावे लागले.

चौथा आक्षेप : साध्य काय झाले? २० जुलैला बॉम्ब फुटला, हिटलर वाचला. २ ऑगस्ट १९४४ ला चर्चिलने ब्रिटिश संसदेत हा प्रकार राइशमधल्या बड्या मंडळींची आपसातली मारामारी असल्यासारखा मांडला. जॉन व्हीलर-बेनेट यांची अमेरिकेत ट्रॉटशी ओळख होती. त्यांनी तर कट फसला हेच आपल्या फायद्याचे, असा अभिप्राय ब्रिटिश परराष्ट्र खात्याला दिला. फळावरून कृती मोजायची तर ट्रॉट शून्यावर उरतो. पण मग वाइत्सेकरही शून्यावर उरतो, आणि दोन शून्यांत फरक करायला काहीच राहत नाही. फरक आहे हे आपल्याला दिसते, याचा अर्थ फळ ही पुरेशी मोजपट्टी नाही.

६. निकाल

तिन्ही कसोट्यांवर माझा निकाल असा. पहिल्या कसोटीवर ट्रॉट निर्विवाद उतरतो. दुसऱ्या कसोटीवर तो निष्कलंक नाही : पक्षाचे सदस्यत्व, भारत कक्षाचा प्रचार आणि सैनिकांचे भवितव्य हे त्याच्या नावे राहील, आणि कर्जाच्या हिशेबाबाहेरचे १९३४ चे पत्रही. तिसऱ्या कसोटीवर तो ज्या उंचीवर आहे, तेथे त्याच्या खात्यातले फार थोडे लोक पोचले.

यातून आत राहणाऱ्या प्रत्येकाला उजळ माथ्याने फिरायचा परवाना मिळतो, असे कोणी समजू नये. उलट निघते ते हे : ज्याने कर्ज काढले आणि फेडले नाही, त्याची 'मी आतून प्रयत्न करत होतो' ही सबब ट्रॉटच्या नावावर उधार मिळू नये. खुर्ची सोडली नाही याचे समर्थन खुर्चीतून केलेल्या कामानेच होते, आणि त्या कामाचा पुरावा त्या माणसाने काय गमावले यात सापडतो. सत्ता कोठलीही असो, कार्यालय कितीही साधे असो, ही सबब आपल्या कानी पडत राहणार आहे. ती ऐकताना सहानुभूती जरूर ठेवावी, पण हिशेब मागावा.

वाइत्सेकरला आपली बाजू मांडायला १९५० साली आठवणींचे पुस्तक काढता आले. ट्रॉटला २५ जुलै १९४४ रोजी अटक झाली, १५ ऑगस्टला नाझी न्यायाधीश फ्रायस्लरच्या न्यायालयाने फाशी सुनावली, पत्नी तुरुंगात गेली आणि दोन मुली बाड झाक्सा येथील बालगृहात नेल्या गेल्या. धाकटी तेव्हा वर्षाचीही नव्हती. २६ ऑगस्टला बर्लिनच्या प्लोट्झेनझे तुरुंगात त्याला फाशी दिली. वय पस्तीस.